घरची ओळ

“ताई, या चार नंबरचं काहीतरी बिनसलंय. मी गड्याला डावीकडं वळवतोय आणि हा खाली बसतोय.”

गिऱ्हाईक कॉलेजातलं होतं. मी उठून गेले, डब्ल्यूची कळ दाबून बघितली. पडद्यावरचा शिपाई हलेना. ए दाबली तर तो खरंच बसला, आणि एस दाबल्यावर बसल्या बसल्या त्यानं हवेत कुऱ्हाड चालवली. मला हसू आलं आणि रागही आला, कारण हे सगळं मी आदल्या दिवशीच सरळ करून ठेवलं होतं.

ही २००९ सालची गोष्ट. बार्शीत उपळाई रोडला माझ्या मामाचं नेट कॅफे होतं, सहा संगणकांचं. बी.ए. होऊन घरी स्थळांची वाट बघत बसण्यापेक्षा ते सांभाळणं मला बरं वाटायचं. त्या वर्षी गावातल्या अर्ध्या तरण्या पोरांना एका ऑनलाइन खेळाचं वेड लागलं होतं. त्याचं इंग्रजी नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून आम्ही त्याला किल्ल्याचा खेळ म्हणायचो. ज्याचा त्याचा एक शिपाई. त्याला रानात हिंडवायचं, लाकूड तोडायचं, दगड आणायचे, आपली तटबंदी बांधायची आणि दुसऱ्याची पाडायची. देशोदेशीची माणसं एकाच वेळी त्या रानात असायची. शिपाई चालवायच्या कळा ठरलेल्या होत्या, डब्ल्यू, ए, एस, डी, सगळ्या डाव्या हाताखाली. ज्याला त्या गैरसोयीच्या वाटतील त्याला सेटिंगमध्ये जाऊन बदलता यायच्या.

कुणीतरी त्या बदलत होतं. थोड्याथोडक्या नाही, आठही. चालणं, वळणं, बसणं, उडी, कुऱ्हाड, सगळं उचलून कीबोर्डच्या मधल्या ओळीवर आणून ठेवलेलं. डाव्या हाताच्या चार बोटांखाली चार कामं, उजव्या हाताच्या चार बोटांखाली चार. ए, एस, डी, एफ इकडं आणि जे, के, एल, अर्धविराम तिकडं. आता अर्धविरामाच्या कळीवर कुणी उडी ठेवतं का? मी रीसेटचं बटण दाबलं आणि गिऱ्हाइकाला परत खेळायला बसवलं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं.

मी मुळात भोचक. आई म्हणायची, शेजारी भांडं पडलं तर हिला पातेलं होतं की परात तेवढंसुद्धा कळायला पाहिजे. मी रजिस्टर काढलं आणि चार नंबरवर कोण कोण बसतं ते बघितलं. पोरं बदलत होती, पण दुपारी दोन ते चार रोज एकच नाव होतं. अक्षर छापल्यासारखं सरळ. व. गो. धारूरकर.

आधी मला पटेनाच. धारूरकर सर म्हणजे टायपिंगचे धारूरकर सर. भगवंत मंदिराच्या मागच्या गल्लीत त्यांची अकरा मशीनची इन्स्टिट्यूट होती आणि गावातल्या कितीतरी जणांच्या नोकऱ्या त्या मशीनवर लागल्या होत्या. बारावीनंतर मीही तिथं गेले आणि तीन आठवड्यांत बाहेर पडले. पहिले तीन आठवडे सर मधल्या ओळीच्या बाहेर जाऊच द्यायचे नाहीत. तिला ते घरची ओळ म्हणायचे. बोटं घरी ठेवा, कामाला वर-खाली गेली तरी लगेच घरी आली पाहिजेत, असं त्यांचं सारखं चाललेलं असायचं. कळांकडे बघू नये म्हणून हातांवर फडकं टाकायचे. मी फडकं उचलून बघायचे. पहिल्या वेलांटीसाठी तर मी रोज मार खाल्ला. मराठी मशीनवर ती अक्षराच्या आधी मारावी लागते आणि मी हटकून अक्षर आधी मारायचे. सर बोटांवर पट्टी ठेवून म्हणायचे, “आधी वेलांटी, मागून अक्षर.” एकदा मी म्हणाले, सर, अक्षरच आलेलं नाही तर वेलांटी देऊ कुणाला? वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी माझ्या मशीनवर दुसरी मुलगी बसलेली होती. सात वर्षं तो राग मी जपून ठेवला होता.

सर शब्दाचे पक्के. गावात त्यांच्या शब्दाच्या गोष्टी सांगत. एकदा कटिंगच्या दुकानात वाद झाला आणि सर म्हणाले, तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही. चढले नाहीत. पण तोच न्हावी दर रविवारी त्यांच्या घरी येऊन त्यांची कटिंग करायचा. कुणी विचारलं तर म्हणायचे, पायरी चढणार नाही म्हणालो होतो, केस वाढवणार असं म्हणालो नव्हतो.

पुढच्या गोष्टीला मात्र कुणी हसत नसे. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं टाइपरायटर दुरुस्त करायला सोलापूरहून येणाऱ्या मेकॅनिकशी लग्न केलं. जात वेगळी. सरांनी सगळ्या नातेवाइकांच्या देखत सांगितलं की तिला पत्र लिहिणार नाही, फोन करणार नाही, आणि या घरात तिचं नाव निघणार नाही. निघालंही नाही. सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, बाजारात भेटल्या आणि बोलता बोलता विषय आलाच तर त्याही ‘आमची ती’ म्हणायच्या. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असं लोक सरांबद्दल बोलायचे, आणि माझंही तेच मत होतं.

तो माणूस बासष्टाव्या वर्षी किल्ल्याचा खेळ खेळतोय. मला राहवेना. दुसऱ्या दिवशी मी पाच नंबर झाडायला म्हणून गेले आणि झाडतच राहिले.

सरांनी खिशातून रुमाल काढून कळा पुसल्या. दोन्ही हातांची बोटं मधल्या ओळीवर टेकवली. सेटिंग उघडून आठही कळा बदलल्या, खाली न बघता. मग शिपायाला एका विहिरीपर्यंत चालवत नेलं आणि तिथं उभं केलं. बस्स. लाकूड नाही, दगड नाही. भोवती माणसं मारामारी करत होती, कुणीतरी सरांच्या शिपायाच्या डोक्यात दगडही घातला, पण हे ढिम्म. दर दहा मिनिटांनी मात्र एक यादी उघडायची, बघायची आणि मिटायची.

ती यादी मला माहीत होती. आपण केलेलं सेटिंग नाव देऊन तिथं सगळ्यांसाठी ठेवता यायचं. ज्याला आवडेल तो ते घ्यायचा, आणि किती जणांनी घेतलं तो आकडा शेजारी दिसायचा. वाघाचा पंजा, काळी वीज असली इंग्रजी नावं आणि पुढं हजारांचे आकडे. सरांच्या सेटिंगचं नाव होतं एल, के, एफ, जे, डी, के. पुढं शून्य.

“सर, हे असलं कसलं नाव? झोपेत बोटं पडल्यासारखं.”

“नाव आहे.”

“कशाचं?”

“सेटिंगचं.”

पुढं विचारायची सोयच ठेवली नाही. मी तरी बोललेच, की असलं काहीतरी बघून कोण घेणार, चांगलंसं इंग्रजी नाव द्या, आणि मुळात सगळं जग डब्ल्यू ए एस डीनं खेळतं. सर म्हणाले, जग बोटं उचलतं म्हणून मी उचलू का? मी झाडू घेऊन परत फिरले. तेवढ्यात त्यांनी मागून हाक मारली.

“शैलजा.”

सात वर्षांपूर्वी तीन आठवडे बसलेल्या मुलीचं नाव त्यांच्या लक्षात होतं. मी वळले.

“हा शून्य आहे ना,” ते म्हणाले, “मी इथं नसताना बदलला तर मला सांगशील?”

धारूरकर सर कुणाकडं काही मागताना मी पहिल्यांदाच बघत होते. आवाज इतका खाली आणला होता की मला वाकून ऐकावं लागलं. मी हो म्हणाले. राग कुठं गेला कोण जाणे. त्या आकड्यावर या माणसाचं काहीतरी मोठं अडकलंय एवढं मला कळलं, पण काय ते कळेना. मला वाटलं काहीतरी स्पर्धा असेल, बक्षीस असेल. रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढं मी ती सहा अक्षरं लिहून ठेवली आणि रोज संध्याकाळी यादी उघडून बघायला लागले. पंधरा दिवस शून्य, वीस दिवस शून्य. दुपारी चारला सर उठायचे, खुर्ची आत सरकवायचे, माझ्याकडं एकदा बघायचे आणि जायचे.

मग तो शनिवार आला. आमच्या भागात भारनियमनाची वेळ चारची होती, पण त्या दिवशी वीज साडेतीनलाच गेली. संगणक बंद पडले, सर उठून घरी गेले. सहाला वीज आली तेव्हा दारात पोरांची ही गर्दी. चार नंबर चालू केला तर खेळ सरांच्याच खात्यात उघडला, कारण त्यांना बाहेर पडायला वेळच मिळाला नव्हता. माझ्या ते ध्यानात आलं नाही. मागं दोघंजण घाई करत होते. मी नेहमीसारखी सेटिंगमध्ये गेले आणि मधल्या ओळीचं ते सगळं काढून टाकायला लागले. खेळानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी न वाचता होयवर टिचकी मारली. चौकट मिटता मिटता शेवटची ओळ तेवढी वाचली. हे सेटिंग सध्या एक खेळाडू वापरत आहे, तरी यादीतून काढून टाकायचं का?

एक.

मी यादी उघडली. सरांचं सेटिंग नव्हतं. परत आणायचं बटण शोधलं, ते त्या खेळात नव्हतंच. पोरं ओरडत होती, मी त्यांना बसवलं आणि गल्ल्यावर येऊन बसले.

सोमवारी दोनला सर आले. रुमाल, कळा, बोटं. यादी उघडली. वरपासून खालपर्यंत बघितली, परत वर गेले. मी शेजारी जाऊन उभी राहिले आणि सांगून टाकलं. चूक माझी, मी वाचलं नाही, वीज, गर्दी, सगळं एका दमात. सर पडद्याकडंच बघत होते.

“काढलंस तेव्हा शून्य होता?”

“एक होता, सर.”

“कोण?”

“नाव नाही बघितलं.”

पट्टी असती तर मी हात पुढं केला असता. पण ते उठले. खुर्ची आत सरकवून निघून गेले. मंगळवारी आले नाहीत, बुधवारीही नाहीत, गुरुवारी दोनचे अडीच झाले तरी चार नंबर रिकामाच. मला जेवण जाईना. चूक झाली होती आणि तिनं नेमकं काय बिघडलं तेच माहीत नव्हतं, याचा जास्त त्रास होत होता.

शुक्रवारी दुपारी एकला कॅफे रिकामं झाल्यावर मी ठरवलं की जसं होतं तसं करून ठेवायचं. चार नंबरवर बसले, आठ कळा मधल्या ओळीवर आणल्या. नावाची चौकट आली. रजिस्टर उघडून शेजारी ठेवलं. एल, के, एफ, जे, डी, के. दोन बोटांनी शोधत बसण्यापेक्षा सगळी अक्षरं मधल्याच ओळीवर आहेत हे बघून मी दोन्ही हात ठेवले, सरांनी शिकवले तसे. आणि मारायला लागले.

आमच्या वर्गात प्रत्येक कळ मारताना मोठ्यानं म्हणायची शिस्त होती. इंग्रजी संगणक असला म्हणून काय झालं, कळा त्याच जागी होत्या. उजव्या अनामिकेखाली मराठी मशीनवर काय येतं ते माझ्या बोटाला अजून पाठ होतं. मला एवढी एकच ओळ येत होती आणि तोंड आपोआप चालू झालं.

“स. काना. वेलांटी. र. क. काना.”

वेलांटी आधी, अक्षर मागून. मी परत म्हणाले, या वेळी जोडून. आणि खुर्चीवरून उठलेच. पडद्यावर इंग्रजीतली बिनअर्थाची सहा अक्षरं होती. मराठी टायपिंग येणाऱ्या माणसाखेरीज ती कुणालाही वाचता आली नसती.

मी कॅफेला कुलूप लावलं आणि सरांच्या घरी गेले. वर्ग भरायचा त्या पुढच्या खोलीत आता मशीन नव्हती. फरशीवर टेबलांच्या पायांचे चौकोनी डाग होते आणि त्यांच्या मधोमध खुर्ची टाकून सर पेपर वाचत होते. मला दम लागला होता.

“सर, चला. सारिकाचं सेटिंग परत लावायचंय.”

पेपर खाली आला. आत भांडी घासल्याचा आवाज येत होता तो थांबला. काकू ओल्या हातानं दारात येऊन उभ्या राहिल्या. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की सहा वर्षं या घरात जे नाव निघालं नव्हतं ते मी उंबऱ्यातून आरोळी ठोकून काढलं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

“वाचलंस?” सरांनी विचारलं.

“वाचलं.”

“कसं?”

“बोटांनी. आधी वेलांटी, मागून अक्षर.”

त्यांच्या तोंडावर हसू यायच्या बेतात होतं, पण ते काकूंकडं बघून थांबले. मग त्यांनी सांगितलं, मला सांगतोय असं दाखवून, पण बोलणं सगळं दाराकडं चाललेलं. दोन महिन्यांपूर्वी जुनी मशीन विकत न्यायला एक माणूस आला होता. तो जावयाच्या ओळखीचा निघाला. मुलगी आणि जावई बडोद्याला असतात, जावयानं आता संगणक दुरुस्तीचं दुकान टाकलंय. ती दुपारी मूल झोपलं की दोन ते चार हा खेळ खेळते, आणि कळा कुणी असल्या ठेवल्या म्हणून सारखी कुरकुर करते. खेळात ती कुठल्या नावानं असते ते त्या माणसाला माहीत नव्हतं.

“आठ वर्षांची असल्यापासून तिला मशीनवर बसवलंय,” सर म्हणाले. “बोटं उचलून तिला खेळता यायचं नाही. कधी ना कधी मधल्या ओळीचं सेटिंग शोधत ती त्या यादीत येणार, हे मला ठाऊक होतं.”

“मग सरळ पत्र टाकायचं, सर.”

“पत्र लिहिणार नाही म्हणालो होतो. फोन करणार नाही म्हणालो होतो. नाव काढणार नाही म्हणालो होतो.” ते मोजून बोलत होते. “यातलं मी काय केलं? सांग.”

काय सांगणार? कटिंगच्या दुकानाची पायरी तीच होती. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात काकू बोलल्या.

“मूल?”

सरांनी पेपरची घडी घातली.

“तिला मूल आहे, आणि दोन महिने तुम्हाला माहीत आहे?”

“सांगायचं म्हटलं तर नाव घ्यावं लागलं असतं,” सर म्हणाले.

काकू त्यांच्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता काहीतरी फेकून मारतील, आणि मारलं असतं तरी मी मध्ये पडले नसते. त्यांनी पदराला हात पुसले, कोनाड्यातली चप्पल पायात घातली आणि माझ्या आधी रस्त्यावर उतरल्या.

वाटेत माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे त्या शनिवारी तो एक आकडा तिचाच होता. तिनं वाचलं होतं. इतक्या वर्षांनी बापानं आपलं नाव टाइप केलंय हे तिनं बघितलं, सेटिंग घेतलं, आणि त्याच संध्याकाळी ते यादीतून काढून टाकलेलं तिला दिसलं. तिला काय वाटलं असेल? आपण आहोत हे कळताच बापानं नाव पुसून टाकलं, एवढंच. मी हे सरांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, चार दिवस मी दुसरं काय करतोय.

कॅफेत सर चार नंबरवर बसले. त्यांच्या खात्यातून ते सेटिंग मी पुन्हा यादीत चढवलं. शेजारी स्टुलावर काकू, मागं मी. दोन वाजले होते आणि चारला वीज जाणार होती. तिला आज यायचं असेल तर या दोन तासांत, आणि तीही त्या रागानंतर यादी उघडेल तर. पाच नंबरला एक कॉलेजचा मुलगा त्याच्या तटबंदीत गुंग होता, बाकी कॅफे रिकामं.

काकूंनी विचारलं, यात आपला कुठला. सरांनी विहिरीजवळचा शिपाई दाखवला. काकू म्हणाल्या, आणि असा उभा काय राहिलाय? सर म्हणाले, मला खेळता येत नाही. काकूंनी मग एकेका शिपायाकडं बोट दाखवून ही असेल का, ही असेल का, असं विचारायला सुरुवात केली. सर प्रत्येक वेळी म्हणायचे, माहीत नाही. तीन वाजले. सव्वातीन. शून्य. मी चहा सांगितला, तो तिघांचाही गार झाला.

तीन पस्तीसला शून्याचा एक झाला.

काकूंना आकड्याचं काही माहीत नव्हतं, पण सरांचा चेहरा बघून त्या स्टुलावरून पुढं सरकल्या. मी त्यांना सांगितलं, घेतलं तिनं. त्यांनी विचारलं, म्हणजे आता काय होणार? ते मलाही माहीत नव्हतं. आम्ही वाट बघत राहिलो. पावणेचार झाले. मी घड्याळाकडं आणि काकू माझ्याकडं बघत होत्या.

चारला दहा कमी असताना यादीच्या सगळ्यात वर एक नवं सेटिंग आलं. मी उघडून बघितलं. आठही कळा मधल्या ओळीवर, हुबेहूब सरांसारख्या, एकसुद्धा इकडची तिकडं नाही. नाव होतं फक्त दोन खुणांचं. अर्धविराम, आणि पुढं के. मला आधी वाटलं चुकून पडलं असेल, घाईत बोट लागलं असेल.

सरांना तसं वाटलं नव्हतं. त्यांनी उजवा हात घरच्या ओळीवर ठेवला आणि न दाबता नुसती बोटं हलवली. करंगळी, मग मधलं बोट. माझ्या तोंडात पाठ होतंच.

य. काना.

मी ओठ मिटून घेतले. हे माझं म्हणायचं नव्हतं. सेटिंगखाली करणाऱ्याचं खेळातलं नाव होतं, त्यावरून निरोप पाठवता आला असता, पत्ता विचारता आला असता, आणि पुढं मी ते सगळं केलंही. पण त्या घडीला मी माऊसला हात लावला नाही.

“काय लिहिलंय?” काकूंनी विचारलं.

“या म्हणतीय,” सर म्हणाले.

“कोण?”

सरांनी काकूंकडं बघितलं. त्यांना माहीत होतं कोण, आणि त्यांना माहीत आहे हे सरांनाही माहीत होतं. सरांनी दोन्ही हात कळांवर टेकवले. अनामिका हलली. काकूंनी त्या हातांवर आपला हात दाबून ठेवला.

“बोटांनी नको. तोंडानं सांगा.”

सरांनी एकदा घसा खाकरला, मग परत खाकरला. कपाळावर घाम आला होता. मला वाटलं उठून जातील.

“सारिका,” सर म्हणाले.

ते इतक्या मोठ्यानं आलं की पाच नंबरवरचा मुलगा तटबंदी सोडून वळून बघायला लागला. सर स्वतःच दचकले. काकूंनी हात काढला नाही.

“मला ऐकू नाही आलं,” काकू म्हणाल्या.